चार दिवसांची बारा वर्षे

मी काही मालिकांचा व्रतस्थ प्रेक्षक नव्हे. जेवताना समोर चालू असेल ते पाहावे, एवढेच. तरीही बोलावेसे वाटते. आमच्या बडोद्यात बाजार गुजराती, शाळा गुजराती नाही तर इंग्रजी. नातवंडांच्या कानी पडणारे बरेचसे मराठी हल्ली या पडद्यावरूनच येते.

‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. भाग तीन हजारांवर! रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री असूनही कथा वाती वळीत बसली. ‘होणार सून मी ह्या घरची’चा २०१३ मधील आरंभ गोड होता; पण पुढे जान्हवीचे बाळंतपण इतके लांबले की लोकांनी त्याचे विनोद केले. लेखकांना तरी काय बोल लावावा? लोक पाहतात तोवर जाहिराती येतात, आणि त्या येतात तोवर शेवट कोणालाच परवडत नाही.

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ मात्र २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांची राधा आणि घना घरातल्यासारखी भांडत.

त्याहून जुनी म्हणजे मुंबई दूरदर्शनची चिमणरावांची मालिका: प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ लेखक चिं. वि. जोशी आमच्याच बडोदा कॉलेजात पाली शिकवीत. आज मिळतात ते भाग नातवंडांना दाखवून पाहा. आधी ती हसतात, मग शब्दांचे अर्थ विचारतात.