पवनेचे पाणी आणि न्यायाचे माप

काही वर्षांपूर्वी सेवाज्येष्ठतेच्या यादीत प्रस्तुत लेखकाचे नाव एका सहकाऱ्याच्या खाली गेले. नियम दाखविण्यात आला. तो खराही होता. तरी मनाची तडफड थांबेना. पुढे तशाच एका नियमाचा लाभ मला मिळाला, तेव्हा मात्र त्याचे औचित्य मी कोणालाही विचारले नाही. तेव्हा केवळ संतापावरून न्यायान्याय ठरविता येत नाही. नियमाच्या दुसऱ्या टोकाला आपण उभे असतो तरी तो आपणांस मान्य झाला असता काय, ही कसोटी त्यातल्या त्यात बरी.

मावळातील पवनेच्या पाण्याला ती लावून पाहावी. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत येते व रावेत येथे पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. वाटेतील शेतकऱ्यांचे पंप त्याच पात्रावर चालतात. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकली, तर पाण्याची नासाडी टळेल व ते स्वच्छ मिळेल, हा शहराचा हिशेब खोटा नव्हता. पण पात्रच आटले तर काय, ही गावांची भीतीही खोटी नव्हती. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. कामास स्थगिती मिळाली. ती २०२३ मध्ये उठविण्यात आली.

वर्गात आम्ही निकोलस कॅल्डॉर यांचा १९३९ चा निकष शिकवितो. ज्यांचा लाभ होतो ते, ज्यांची हानी होते त्यांची पूर्ण भरपाई करूनही लाभातच राहू शकत असतील, तर तो बदल इष्ट. 'राहू शकत असतील' यातच सारी मेख आहे. भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, असे हा निकष म्हणत नाही. पवन मावळातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, म्हणजे दिली नाही तरी चालते?" पुस्तकातले उत्तर 'चालते' असेच आहे. ते देताना माझी नजर खाली गेली.

कारण त्याच्या भागात हे घडून गेले आहे. पवना धरणासाठी जमिनी गेल्या त्या साठच्या दशकात. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ साली. जमीन आधी गेली, हक्क मागाहून आला, आणि अनेक कुटुंबांचा पर्यायी जमिनीचा दावा पुढच्या पिढीच्या गळ्यात पडला. अशा माणसांना 'शासनावर विश्वास ठेवा' असे सांगणे सोपे नाही.

शहरातील कामगारवस्तीलाही पाणी हवेच. तिथे मावळची मुलेही राहतात. परंतु जलवाहिनीचे काम पुढे न्यावयाचे असेल, तर पात्रात बारमाही किती पाणी सोडले जाईल हे लेखी ठरावे, आणि धरणग्रस्तांचे जुने दावे त्याआधी निकाली निघावेत. काम पूर्ण झाल्यावर नव्हे.