निजणे, पडणे, असणे

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर, पाण्यालगतच्या पायऱ्यांवर, गंगेत बुडवून काढलेले शव तिरडीवर बांधलेल्या स्थितीत चितेची वाट पाहत असते. अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या घाटाचे बांधकाम करविले, आणि काशीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाईंनी बालपणी ज्याचे नाव धारण केले, तो हा घाट मराठी मनाला परका नाही. तेथील हे दृश्य मराठी माणूस कोणत्या क्रियापदाने सांगतो? ‘प्रेत ठेवले आहे’ असे तो म्हणतो. ‘पडले आहे’ म्हटले तर त्यात उपेक्षेची छटा येते. एखादा मुलगा मात्र ‘बाबा निजले आहेत’ असे म्हणून जातो. त्याच्या मनाने वडिलांना अद्याप नपुंसकलिंगात लोटलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

शरीराची ठेवण सांगणारी क्रियापदे आणि अस्तित्व सांगणारी क्रियापदे यांचे नाते किती जवळचे आहे, हे येथे ध्यानात येते. हाच प्रश्न स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे वेगळ्या रूपाने उभा राहतो. त्या भाषेत ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. कायमच्या गुणधर्मासाठी पहिले, तात्पुरत्या अवस्थेसाठी दुसरे, असा सुटसुटीत नियम अनेक वर्गांत सांगितला जातो. हा नियम मणिकर्णिकेच्या पहिल्याच पायरीवर कोसळतो. कारण ‘तो मेलेला आहे’ याला स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ असे म्हणतात. म्हणजे मरणासाठी ‘तात्पुरते’ क्रियापद योजले जाते. पुनर्जन्मावर श्रद्धा असणाराही त्याचे श्रेय स्पॅनिश व्याकरणाला देणार नाही.

वस्तुतः भेद काळाच्या लांबीचा नसून अवस्थेचा आहे. एखादी घटना घडून गेल्यावर जी स्थिती मागे उरते, ती ‘एस्तार’ सांगते. ‘मुएर्तो’ हे ‘मृत’ या शब्दाचेच सगोत्र. दोन्ही मुळात धातुसाधिते आहेत. ‘प्रेत’ हा शब्दही ‘पुढे गेलेला’ असाच फलित सांगतो. याउलट ‘फुए मुएर्तो’ अशी ‘सेर’ची वाक्यरचना जुन्या व ग्रंथिक स्पॅनिशमध्ये आढळते, तेव्हा तिचा अर्थ ‘मारला गेला’ असा होतो. तेथे मागे उरलेली अवस्था नव्हे, तर प्रत्यक्ष घटनाच सांगितलेली असते.

मराठी भाषकाला हे समजणे कठीण का जावे? अडचण भाषेची नाही, वाटेची आहे. आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकवली जाते. इंग्रजी माणूस निजलेल्या मनुष्याविषयी बोलताना चालू क्रियेचे रूप वापरतो. जणू तो मनुष्य निजण्याचे काम अजून करीतच आहे. स्पॅनिश म्हणते ‘एस्ता आकोस्तादो’, म्हणजे ‘तो निजलेला आहे’. बसलेल्यासाठी ‘एस्ता सेंतादो’, म्हणजे ‘तो बसला आहे’. ‘तो बसत आहे’ असे आपणही कधी म्हणत नाही. म्हटलेच तर त्याचे गुडघे अद्याप वाकत असतात. शिवाय ही रूपे लिंगवचनानुसार बदलतात : मुएर्तो, मुएर्ता, मेला, मेली. इतकेच नव्हे, तर ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे ‘तो कंटाळवाणा आहे’ आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे ‘तो कंटाळला आहे’. जो भेद स्पॅनिश क्रियापद बदलून करते, तोच मराठी कृदन्ताच्या बळावर करते.

ही किल्ली प्रत्येक कुलुपाला लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘शिक्षक आहे’, ‘आजारी आहे’, ‘घरी आहे’ या तिन्ही ठिकाणी मराठीत एकच ‘आहे’ येते. तेथे विद्यार्थ्याला नवा विवेक शिकावाच लागेल. तथापि जेथे स्वभाषा वाट दाखवते तेथे ती सोडून परभाषेच्या काठीने चाचपडणे, यात शास्त्र नाही, केवळ सवय आहे.

शब्दांची कुळेही हेच सुचवतात. ‘एस्तार’ लॅटिनमधील उभे राहण्याच्या धातूपासून आले. संस्कृत ‘स्था’ त्याचाच भाऊबंद. ‘सेर’मध्ये असण्याच्या धातूबरोबर बसण्याचा धातूही मिसळला आहे. काशीच्या हिंदीतील ‘था’ हे ‘स्थित’चे रूपांतर, आणि आपले ‘ठेवणे’ हे ‘स्थापय्’चे. म्हणजे घाटावरचे आडवे प्रेत ‘ठेवले आहे’ असे म्हणताना मराठी माणूस त्याला नकळत उभेच करतो! जवळचेच रत्नेश्वर महादेवाचे मंदिर तर उभेही नाही आणि आडवेही नाही. ते कललेले आहे, आणि किती काळ तसेच आहे. कायम आणि तात्पुरते यांची फोड करणाऱ्याने त्याच्यासमोर जरा थांबावे.

एका बाबतीत मात्र स्पॅनिश आपल्याला काही शिकवू शकते. तिच्या थडग्यांवर ‘आकी यासे’ असे कोरलेले असते : येथे अमुक पहुडला आहे. ‘यासेर’चा कर्ता मृत मनुष्यच असतो, नावानिशी. आपण मात्र शेवटचा श्वास जाताच त्याला वस्तू करतो, आणि ‘पार्थिव ठेवण्यात आले आहे’ अशी कर्ताहीन वाक्ये छापतो. मणिकर्णिकेवर शिव स्वतः कानात तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे परंपरा ज्याला ऐकणारा मानते, त्याला आपले व्याकरण क्षणार्धात नपुंसकलिंगी करते. पायरीवर बसून ‘बाबा निजले आहेत’ म्हणणाऱ्या त्या मुलाचे वाक्य म्हणूनच दुरुस्त करू नये. मराठीच्या व्याकरणग्रंथांनी त्याची सन्मानाने नोंद घ्यावी, आणि स्पॅनिशच्या वर्गाने तेथूनच आरंभ करावा.