आधी चर, मग फरशी

हरिहरेश्वरात उतारावर घर बांधलं की जोत्याखाली एक खोली निघतेच. दार समुद्राकडे, मागची भिंत मातीत. तिथे रोठा सुपारीची पोती, नारळ आणि मोडकी खाट पडलेली असते. आता पर्यटक येतात, तेव्हा तीच खोली नीट करून भाड्याने द्यावी असं वाटणारच. जरूर करा, आणि जमेल तेवढं स्वतःच्या हातांनी करा. फक्त फरशी आणि रंगापासून सुरुवात करू नका.

या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभा दगड पाणी पितो. म्हणून पहिलं काम घराबाहेरचं. वळचणीला पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या. डोंगराच्या अंगाला, भिंतीपासून दोन-तीन हात सोडून, उताराचा चर खणा. आत डोक्याला लागतं म्हणून जमीन मात्र उकरू नका. पाया उघडा पडला तर वरचं घर खचेल.

ओल कुठून येते ते भर पावसात तपासा. मे महिन्यात कुठलीही भिंत शहाण्यासारखीच वागते! हातभर प्लास्टिक भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी मातीतून येतंय, चर अपुरा आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे. खोलीला समोरासमोर झरोके हवेत. ते पाडताना मात्र गवंडी बोलवा, भिंतीवर घराचा भार असतो.

मातीतल्या भिंतीला प्लायवूड ठोकून ओल झाकू नका, मागे वाळवी लागते. प्लास्टिक पेंटचे पापुद्रे निघतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो. किनाऱ्याची वाळू उचलणं बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यातल्या मिठाने भिंतीला लोणा लागतो, सळया गंजतात.

विजेचं काम परवानाधारक वायरमनलाच द्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, मागून घ्या. पाहुणा तिथे झोपणार असेल, तर दाराशिवाय माणूस बाहेर पडेल एवढी खिडकीही हवी.

एवढं करून एक पावसाळा खोली रिकामी ठेवा. गणपतीपर्यंत भिंत कोरडी राहिली, तर दिवाळीनंतर खुशाल फरशी घाला.