मोकळ्या जागेचें मोल

गेल्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी ओटीवर बसली होती. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मात्र कोपऱ्यांत संगणकापुढें मान खालीं घालून बसला होता. अशी ही त्याची सलग तिसरी संध्याकाळ. अखेर भावजयीनें विचारलें, "अरे, एवढें कसलें काम काढलें आहेस?" मान वर न करतां तो म्हणाला, "कांहीं नाहीं. एका फाइलींतील मोकळ्या जागा सारख्या करतों आहें." ओटीवर हशा पिकला. आमच्या मातोश्री नव्वदीला टेकल्या आहेत, त्या म्हणाल्या, "मोकळी जागा सारखी करायला पगार देतात होय रे?"

हंसणाऱ्यांत मीही होतों. वास्तविक मला हंसण्याचा अधिकार नव्हता. समास सोडा, ओळ सरळ ठेवा, दोन शब्दांत बोटभर अंतर राखा, असें सांगण्यांत माझें उभें आयुष्य गेलें. पण तें मुलांच्या वह्यांसाठीं. यंत्राला कसला आला आहे समास? दुसऱ्या दिवशीं मी मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन बसलों आणि काम समजावून घेतलें. तें ऐकून जें शिकलों, तें वाचकांस सांगावें असें वाटतें.

सर्व्हर म्हणजे जाळ्यांतील इतर संगणकांची सेवा करणारा संगणक, हें तरुण वाचकांस ठाऊकच आहे. हा सेवक बहुधा दूर कोठेंतरी असतो आणि त्याची देखभाल करणारा आपल्या जागेवरून त्यावर काम करतो. वाटेंत हें संभाषण कोणासही वाचतां येऊं नये, यासाठीं फिनलंडांतील तातू युलेनेन यांनीं १९९५ सालीं एस्. एस्. एच्. नांवाची पद्धत रचली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत परवलीचे शब्द चोरले गेल्याचें उघडकीस आलें, तें या उद्योगाचें निमित्त. पुढें १९९९ मध्यें ओपन बी. एस्. डी. या प्रकल्पाच्या मंडळींनीं तिची सर्वांस खुली अशी आवृत्ति काढली. ती ओपन एस्. एस्. एच्. या नांवानें आज जगभर वापरली जाते.

या सेवकानें कोणास आंत घ्यावें व कोणास दारांतूनच परत धाडावें, याचे नियम एका साध्या फाइलींत लिहिलेले असतात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. नव्या माणसाची अडचण होऊं नये म्हणून रचनाकार मूळ प्रोग्रॅमबरोबरच एक नमुना फाइल देतात. तींत बहुतेक नियम लिहिलेले असतात, पण त्यांतील बहुतेक ओळींच्या आरंभीं जाळीसारखें एक चिन्ह असतें. त्याला हॅश म्हणतात. हॅश असलेली ओळ यंत्र वाचीत नाहीं. मग ती लिहिलीच कशाला? तर आपण कांहीं न सांगितल्यास यंत्र काय धरून चालेल, हें माणसास कळावें म्हणून. दाराचा क्रमांक २२, ओळख पटविण्यास मुदत २ मिनिटें, अशा ओळी तेथें मुकाट्यानें उभ्या असतात. ज्याला वेगळें हवें असेल त्यानें हॅश काढावा व आपला आंकडा घालावा.

येथवर ऐकून मी म्हटलें, "मग मोकळ्या जागेचा संबंध कोठें आला? यंत्र ती पाहतें काय?"

"नाहीं काका. ओळीच्या आधीं दोन जागा सोडा कीं दहा, मधें चार रिकाम्या ओळी ठेवा कीं एकही नको, यंत्राला सारखेंच."

"म्हणजे तुझ्या आजीचें म्हणणें खरें!"

तो हंसला आणि त्यानें मला दोन ओळी दाखविल्या. एकींत हॅशनंतर एक जागा सोडून शब्द सुरू होत होता. दुसरींत हॅशला चिकटूनच. पहिली ओळ हें माणसासाठीं लिहिलेलें शीर्षक किंवा टीप. दुसरी हा झोपविलेला नियम. हॅश काढला कीं जागा होणारा. भेद एवढाच कीं एक जागा आहे किंवा नाहीं. एखाद्या उत्साही माणसानें फाइल सुंदर दिसावी म्हणून सर्व हॅशांपुढें सरसकट एकेक जागा सोडली, तर यंत्राचें कांहीं बिघडणार नाहीं. पण टीप कोणती व नियम कोणता हें माणसाला पूर्वीसारखें एका दृष्टिक्षेपांत कळणार नाहीं. तसेंच टॅबचें. टॅबची कळ एका पडद्यावर आठ अक्षरांची उडी मारते, दुसऱ्यावर चारांची. त्यामुळें एकानें नीट लावलेले रकाने दुसऱ्याकडे वांकडे दिसतात. साधी जागा मात्र सगळीकडे एकाच मापाची. म्हणून त्याच्या कचेरीनें ठरविलें होतें कीं आपल्या नमुना फाइलींत टॅब नको, ओळीच्या शेवटीं रेंगाळणाऱ्या जागा नकोत, आणि प्रत्येक प्रकरणापूर्वीं एकच रिकामी ओळ असावी. मूळ नमुन्यावरून कचेरीनें स्वतःची अशी एक नमुना फाइल केलेली होती, आणि नवा संगणक आला कीं तीच त्यावर उतरविली जाई. तिची साफसफाई याच्या वाट्यास आली होती.

आतां मुख्य गोष्ट. साफसफाई करतांना अर्थ बदलूं नये, याची खात्री कशी करावी? ओपन एस्. एस्. एच्. मध्यें एक चांगली सोय आहे. सबंध फाइल वाचून सर्व नियमांचा निष्पन्न अर्थ काय झाला, तें यंत्र छापून देतें. आमच्या चिरंजीवानें काम सुरू करण्यापूर्वीं ती यादी काढून ठेवली. हेतु असा कीं शेवटीं पुन्हां काढावी व दोन्ही ताडून पाहाव्या. पण पहिल्याच यादींत त्याला एक ओळ खटकली. केवळ परवलीचा शब्द सांगून कोणासही आंत येऊं देऊं नये, असा नियम फाइलीच्या अखेरीस स्पष्ट लिहिलेला होता; आणि यंत्र म्हणत होतें, येऊं देतों!

कारण शोधतांना त्याला घाम फुटला. या फाइलींत 'मॅच' नांवाची एक आज्ञा असते. 'अमुक खात्यासाठीं' असें ती म्हणते, आणि तिच्या खालच्या सर्व नियमांस तेवढेंच बंधन लागूं होतें. तें संपतें केव्हां? पुढची मॅच येईल तेव्हां, नाहीं तर फाइल संपेल तेव्हां. कचेरीच्या फाइलींत अशी एक आज्ञा केवळ फाइली आणून टाकणाऱ्या एका खात्यासाठीं होती. तिच्या खालच्या ओळी थोड्या आंत सरकवून लिहिल्या होत्या. त्यानंतर एक रिकामी ओळ, आणि मग डाव्या कडेस लागून परवलीच्या शब्दाचा तो नियम. वाचणाऱ्या कोणालाही वाटावें कीं प्रकरण संपलें व हा नियम सर्वांसाठीं आहे. पण यंत्राला कडा दिसत नाहीं! त्यानें तो नियम त्या एका खात्यापुरताच धरला. बाकी सर्वांसाठीं तें दार तसेंच उघडें होतें. आणि परवलीचे शब्द दिवसरात्र अंदाजानें लावून पाहणारीं यंत्रें जगांत थोडीं नाहींत.

हें ऐकतांना मला पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायींत अधिकारसूत्रें असतात. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या आरंभीं एकदां 'अंगा'चा अधिकार सांगितला, कीं तो सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. मधल्या प्रत्येक सूत्रांत तो मनांत धरावयाचा. असा अधिकार ओळखतां यावा म्हणून पाणिनीनें स्वरिताची खूण योजिली होती. परंतु आपल्यापर्यंत पोंचलेल्या पाठांत ती खूण उरलेली नाहीं, आणि अधिकार कोठवर चालतो हें आज आपणांस वृत्तिकारांकडून समजून घ्यावें लागतें. सूत्रें तींच, शब्द तेच. पण खूण गेली कीं अर्थासाठीं गुरूच्या दारीं जावें लागतें. आणि खूण चुकीच्या जागीं पडली तर? मग गुरूही फसतो. मोकळी जागा ही अशीच एक खूण आहे. यंत्राला तिचें सोयरसुतक नाहीं. ती माणसानें माणसाला दिलेली ग्वाही आहे.

मी हें मोठ्या उत्साहानें सांगत होतों. पण मुलाचें लक्ष नव्हतें. थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, "काका, ती शेवटची ओळ दोन वर्षांपूर्वीं मींच लिहिली होती. या नमुन्यावरून तेव्हांपासून चौदा संगणक उभे राहिले आहेत." आणि मग, माझ्याकडे न पाहतां, "आतां साफसफाईच्या कामांतच ती ओळ वर सरकवून टाकली तर कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. शेंकडों ओळी हललेल्या दिसतील. त्यांत ही एक."

काय उत्तर द्यावें हें मला ठाऊक होतें. पण तें सहज तोंडांतून निघेना. कारण मला माझाच एक दिवस आठवला.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी नववीच्या वर्गांत फळ्यावर 'पति' शब्द चालवून दाखविला. एकट्या 'पति' शब्दाची तृतीया 'पत्या' होते. 'भूपति'सारख्या समासांत मात्र 'भूपतिना' होतें. हा भेद मुलांस शिकवावयाचा, आणि मींच घाईंत एकट्या शब्दापुढें 'पतिना' लिहून गेलों. मुलांनीं नमुना म्हणून तें उतरून घेतलें. रात्रीं चूक ध्यानांत आली. दुसऱ्या दिवशीं शाळेंत लौकर जाऊन मीं फळा पुसला, शुद्ध रूप लिहिलें, आणि कोणाला कांहीं बोललों नाहीं. माझा फळा शुद्ध झाला. मुलांच्या वह्या तशाच राहिल्या. परीक्षेंत अकरा मुलांनीं 'पतिना' लिहिलें, आणि मीं त्या अकराही जणांचे गुण कापले. त्यांतल्या एकानें धीर करून वही आणून दाखविली, तेव्हां "उतरतांना चुकला असशील" असें मी म्हणालों. तो गप्प बसला. कारण गुरुजी चुकत नाहींत अशी त्याची श्रद्धा होती.

हें मीं आजवर घरांत कोणाला सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं पुतण्याला सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर म्हणाला, "म्हणजे नमुना नुसता सुधारून भागत नाहीं. ज्यांनीं उतरून घेतला त्यांना कळवावें लागतें."

त्यानें दोन वेगळ्या नोंदी केल्या. पहिलींत साफसफाई मुळींच नव्हती. फक्त ती एक ओळ मॅचच्या वर आणली होती, आणि चूक काय, कोणाची, केव्हांपासूनची व कोणत्या चौदा संगणकांवर गेली, हें सरळ शब्दांत लिहिलें होतें. ती मार्गी लागल्यावर दुसरी नोंद केली. तींत केवळ जागा, टॅब व रिकाम्या ओळी. तिच्या आधींची व नंतरची निष्पन्न यादी अक्षरशः एकच आली. त्याचा वरिष्ठ रागावला असें नाहीं, पण खूषही झाला नाहीं. चार दिवस दोघांनीं बसून प्रत्येक संगणकावरील फाइल दुरुस्त केली आणि आंत येऊन गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या. सुदैवानें परका कोणी आल्याची खूण सांपडली नाहीं. पण यापुढें त्याची प्रत्येक नोंद दुसऱ्यानें पाहावी असें ठरलें. त्याला तें थोडें लागलें. मला तें योग्य वाटलें.

दोन नोंदी वेगळ्या ठेवण्याचा हा नियम त्यांच्या धंद्यांत रूढच आहे, असें तो सांगतो. ज्या नोंदींत नुसती नीटनेटकी मांडणी असेल तींत अर्थ हलवूं नये, आणि जींत अर्थ हलला असेल तींत मांडणीचा धुरळा उडवूं नये. म्हणजे तपासणाऱ्याला नेमकें काय बदललें तें दिसतें. मला वाटतें, हा नियम संगणकापुरता नाहीं. आपल्या घरांतही नमुन्याचे कागद थोडे नसतात. सासूबाईंच्या हातची लोणच्याची वही सून नव्या वहींत उतरून घेते. वडिलांच्या औषधांची यादी एकजण नव्यानें सुवाच्य लिहून काढतो. देणें-घेणें व ठेवी यांचें टांचण वारसांसाठीं कोणी नीट लावून ठेवतो. अशा वेळीं अक्षर जरूर सुधारावें, ओळी जरूर सरळ कराव्या. पण मिठाचें प्रमाण किंवा गोळीचा आंकडा त्याच ओघांत गुपचूप बदलूं नये. बदलणें अवश्य असेल तर बाजूला तसें लिहावें आणि ज्यांच्याजवळ जुनी प्रत आहे त्यांना बोलावून सांगावें.

आमच्या मातोश्रींना ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व विचारलें, "आणि त्या अकरा मुलांचें काय?"

त्यांतील एकजण आमच्याच गांवीं दुकान चालवितो. तोच तो वही दाखविणारा. आज त्याची नातवंडें शाळेंत जातात. गेल्या रविवारीं मी त्याच्याकडे जाऊन आलों. त्याला तें रूप आठवत नव्हतें, परीक्षा आठवत नव्हती, पण वही दाखविल्याचें बरोबर आठवत होतें. मीं सांगितलें, "चूक माझी होती." त्यानें मला बसावयास खुर्ची दिली आणि चहा मागविला. बाकीच्या दहाजणांचे पत्ते तो मिळवून देणार आहे.