गुणांचे मोल कोण ठरवितो?

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीतील सुशिक्षित घरांत एकच प्रश्न ऐकू येतो : कोणत्या शाखेस ‘पॅकेज’ अधिक? यात पालकांचा लोभ आहे असे आम्ही म्हणत नाही. मिळकतीचा विचार करू नये, हा उपदेश भरल्या पोटी करणे फार सोपे. आमची तक्रार निराळी आहे. मिळकतीचाच विचार करावयाचा, तर तो पुरता तरी करावा!

पदवी मोठी, बुद्धी तीक्ष्ण, की पगार आपोआप मोठा, अशी आपली समजूत. तिचा फोलपणा पाहण्यास आम्हांस महाविद्यालयाच्या शिक्षकदालनाबाहेर जावे लागत नाही. सारख्याच पदवीचे दोन अध्यापक एकाच वर्गास एकच पुस्तक शिकवितात. एक मंजूर पदावर, म्हणून त्यास वेतन आयोगाप्रमाणे दरमहा वेतन. दुसरा तासिका तत्त्वावर, म्हणून त्यास घेतलेल्या तासांपुरतेच मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तेही नाही. यांतला दुसरा पुष्कळदा पहिल्याहून अधिक व्यासंगी असतो, हे आम्ही मंजूर पदावर बसूनच कबूल करतो. आम्ही पदवीधर झालो तेव्हा जागा निघत होत्या. तो झाला तेव्हा निघेनाशा झाल्या. यात आमचा गुण कोणता?

बागायतदाराकडे पाहा. कलमांची निगा तो राखतो, मोहोरावर फवारणी तो करतो, अवकाळी पावसाचा तडाखाही त्यालाच. भाव मात्र वाशीच्या बाजारात ठरतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच झाले. परंतु ज्याने हंगामापूर्वीच दलालाकडून उचल घेतली, त्याच्या तोंडून भाव कसा निघावा? कौशल्य एकाच्या हाती आणि तराजू दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. संगणकाची पदवी घेऊन पुण्यास जाणाऱ्या मुलाचा तराजू कोणाच्या हाती असतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज जी शाखा सर्वांच्या तोंडी आहे, तिच्या दारात चार वर्षांनी सर्वांचीच मुले उभी असणार. आणि दारात गर्दी झाली की आतल्याने भाव पाडावा, हे कोणत्याही बाजारात चालतेच.

परवा एक स्नेही तक्रार घेऊन आले. चिरंजीवांनी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाण्याचा हट्ट धरला होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे हे महाविद्यालय 1981 पासून आपल्या गावाशेजारी उभे आहे. पण स्नेह्यांनी आजवर त्याची पायरी चढली नव्हती. “मासळीत शिकण्यासारखे काय आहे हो?” ते म्हणाले. मिरकरवाड्याचे बंदर ज्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी हे विचारावे!

तिथे सोने पिकते असे आम्ही त्यांस सांगितले नाही. दुसऱ्याच्या शीतगृहात नोकरीच धरावयाची असेल, तर तिथेही तराजू परकाच. आम्ही एवढेच म्हटले की, मुलास घेऊन एकदा पहाटे बंदरावर जा. लिलाव कोण बोलतो, बर्फ कोण पुरवितो, होडीस पैसे कोण लावतो, हे उभे राहून पाहा, आणि मग अर्ज भरा. ते जरासे नाराज होऊनच उठले. चिरंजीव मात्र दारातून परत आला आणि लिलाव किती वाजता सुरू होतो, हे विचारून गेला.