आजीआजोबांचा तास

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पटांगणावर रोज सायंकाळीं व्हॉलीबॉलचें जाळें बांधलें जातें. हा खेळ मुळांत तुमच्यासाठीं निघाला नव्हता, हें तुमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? सन १८९५ मध्यें अमेरिकेंतील होल्योक गांवीं वाय. एम. सी. ए. या संस्थेचे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनीं तो योजिला. बास्केटबॉल त्यापूर्वीं चार वर्षें निघाला होता. पण त्यांतील धांवपळ मध्यम वयाच्या व्यापारी गृहस्थांस सोसेना. त्यांनाही चार जणांच्या संगतींत अंग हालवितां यावें, म्हणून हा जाळ्याचा खेळ निर्माण झाला. म्हणजे ज्या खेळावर तुम्ही मालकी सांगतां, तो खरा आमच्या वयाच्या माणसांचा आहे!

हें सांगण्याचें कारण असें कीं, वय झालें म्हणजे व्यायाम संपला, ही समजूत आपल्या समाजांत फार खोल रुजली आहे. आम्हीही तिला अपवाद नव्हतों. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत आमच्या मातोश्री अंगणांत घसरून पडल्या. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. परंतु त्यानंतर घरांतील कोणीं त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धां उचलूं दिला नाहीं. "आई, तूं बसून राहा," हेंच आमचें पालुपद. सहा महिन्यांनीं पाहतों तों त्यांना कोणीं हात धरल्याशिवाय उंबरठा ओलांडवेना. पडण्यानें जें नुकसान झालें नव्हतें, तें आमच्या मायेनें केलें.

ज्या स्नायूंस काम नाहीं ते क्षीण होतात, आणि उतारवयांत हा ऱ्हास अधिक वेगानें होतो. परंतु तो कांहीं अंशीं भरून काढतां येतो. सन १९९० मध्यें बोस्टन येथील नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून जाणत्यांच्या देखरेखीखालीं आठ आठवडे पायांचा व्यायाम करवून घेण्यांत आला. ज्या नऊ जणांनीं तो शेवटास नेला, त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० सालीं ६५ वर्षांच्या व त्यापुढील माणसांसाठीं आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारे प्रकार, असें प्रमाण सांगितलें आहे.

कोणी म्हणेल, हें घरीं एकट्यानें करतां येणार नाहीं काय? येईल, पण बहुधा होत नाहीं. एकट्याचा निश्चय चार दिवसांत ढिला पडतो. समुदायांत मात्र कोणीतरी आपली वाट पाहत असतें. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं विचारपूस होते. जपानांत १९२८ सालीं नभोवाणीवरून कवाईत सुरू झाली. महायुद्धानंतर कांहीं वर्षें तींत खंड पडला, पण १९५१ पासून ती पुन्हां चालू आहे. सकाळीं साडेसहाच्या सुमारास संगीताच्या तालावर बागांतून वृद्ध माणसें शेजाऱ्यांसह हातपाय हालवितात. कवाईत जेमतेम दहा मिनिटांची. पण तिच्या निमित्तानें रोज चार माणसें भेटतात, हा लाभ लहान नव्हे.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, शाळा भरण्यापूर्वीं एक तास हें पटांगण गांवांतील वडीलधाऱ्यांस मोकळें असावें. खर्च कांहींच नाहीं. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें, आधार धरून एका पायावर उभें राहणें, रमतगमत दोन फेऱ्या, आणि ज्यांना झेपेल त्यांच्यासाठीं संथ लेझीम, इतकें पुरे. ज्यांस हृदयाचा किंवा सांध्यांचा विकार असेल, त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. "लोक हंसतील" ही भीति मात्र कोणीं बाळगूं नये. दहा जण एकत्र उभे राहिले म्हणजे हंसणाराच एकटा पडतो.

पालकबंधुभगिनींनो, वडील माणसांची सेवा करावी ती त्यांचे पाय शाबूत राहतील अशी करावी. आणि मुलांनो, पहिल्या दिवशीं आजीचा हात धरून तिला फाटकापर्यंत आणणें हें तुमचें काम. आमच्या मातोश्री हल्लीं शेजारच्या दोघीजणींबरोबर रोज सकाळीं थोडा व्यायाम करतात. त्यांची काठी सुटलेली नाहीं. पण उंबरठा त्या आपला आपण ओलांडतात.