शाळेला पिंजरा कशाला?

आमच्या शाळेला एक देणगी येऊ घातली आहे. समुद्राकाठी बंगला बांधलेले एक मुंबईकर गृहस्थ जाळीचे पक्षिघर, आतल्या रंगीत फिंच पक्ष्यांसकट, शाळेच्या आवारात उभे करून देणार आहेत. मुलांना म्हणे घरटी, अंडी, पिल्ले सारे जवळून पाहता येईल. शाळा समिती खूष आहे. मी नाही.

कायदा आड येत नाही, हे मला ठाऊक आहे. भाताच्या खाचरावर उतरणारी आपली मनोली कोंडली तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. ऑस्ट्रेलियाची झेब्रा फिंच कोंडली तर छंद! ही पाखरे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मली, बाहेर सोडली तर मरतील, असे पाळणारे सांगतात. खरे आहे. ऑस्ट्रेलियाने १९६०मध्येच आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. पण मग ही पाखरे नमुना तरी कशाचा?

गोल्डियन फिंचच्या रंगांना तोड नाही, हे कबूल. पण तिची अंडी पाळणारे पुष्कळदा बंगाली फिंचखाली उबवतात. ही ‘बंगाली’ बंगालची नव्हे! पांढऱ्या पाठीची मनोली आपल्याकडेही आढळते. तिचाच वंश चीनमधून जपानात गेला, पिंजऱ्यात माणसाळला आणि आता परक्या पोरांची दाई झाला. अंडी एकीची, ऊब दुसरीची, भाव रंगाचा. हा निसर्ग मुलांना दाखवायचा?

दाणे टिपणाऱ्या पाखराची वीण कशी पाहावी, हे याच किनाऱ्यावर एकाने दाखवून ठेवले आहे. १९३०च्या पावसाळ्यात, हाताला नोकरी नसताना, सालिम अलींनी किहीमला सुगरणीचे खोपे पाहिले. नाव सुगरण, पण विणणारा नर. तो खोपा अर्धा विणतो. मादीने पसंत केला तर पुरा करतो, आणि लगेच दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो! हीच पाखरे नर-मादी अशी जोडीजोडीने कोंडून ठेवली असती, तर ही गोष्ट कुणाला कळली असती? पिंजऱ्यात आपण आधीच ठरवलेले तेवढेच पाखरू करून दाखवते.

देणगीदारांना माझी विनंती आहे : जाळीच्या पैशांत चार दुर्बिणी द्या. शाळेमागच्या विहिरीवर ओणवलेल्या शिंदीला आजही खोपे लोंबतात. ती विहीर बुजवून शिंदी तोडण्याचा ठराव याच समितीपुढे आहे. पक्षिघराला तीच जागा हवी आहे.